चाक फिरतंय का बघ

नाशिक, २८ मार्च २०२५

ती. नाथामामांस,
तेजस्विनीचा शि. सा. न.

तुमच्या मोबाइलवर पाठवलेला निरोप दोन दिवस तसाच अडकून पडलाय आणि फोनवर तुम्हाला ऐकू येत नाही, म्हणून हे पत्र मंगळूच्या जीपने पाठवते. तो इथे भाजी उतरवून दुपारी हरसूलला परततो. उत्तरही त्याच्याच हाती द्या.

बातमी चांगली नाही. आईच्या स्वरयंत्रावर गाठ आहे, सतरा एप्रिलला ऑपरेशन. नंतर बोलता येईल, पण गाता येईल की नाही हे डॉक्टर सांगत नाहीत. तिने घरी येऊन एवढंच बजावलं, की तेरा तारखेचा शाळेच्या हॉलमधला तिचा कार्यक्रम कुणी रद्द करायचा नाही. मामा, माझ्याकडे आईचं धड असं एकही रेकॉर्डिंग नाही. मोबाइलमध्ये तिच्या गाण्यापेक्षा लोकांचा खोकलाच जास्त येतो.

माइक मिळालेत. आता पिशवीत मावेल असा कॉम्प्युटर घ्यायचाय. एक जाडजूड आहे, आत पंखे असलेला, गेम खेळणारी मुलं घेतात तसला. अंबडच्या कंपनीतला माझा सहकारी रविराज म्हणतो, ताकद हवी तर हाच घे. दुसरा मिठाईच्या खोक्याएवढा, पण त्याला पडदा वेगळा लागतो आणि वीजही सतत लागते. तिसरा वहीसारखा पातळ, त्यात पंखाच नाही. तुम्ही तीस वर्षं लोकांचे कार्यक्रम टेप केलेत, तुम्हीच सांगा. तुम्हाला लिहिल्याचं आईला बोललेले नाही.

सुट्टीत जशी माया करायचात तशीच असू द्या.
तुमची तेजू

हरसूल, पाडवा

चि. तेजस्विनीस, अ. उ. आ.

कडुनिंब खाऊन लिहायला बसलो. तोंड आधीच कडू झालं होतं.

पंखेवाला घेऊ नको. तू माइकपासून हातभर अंतरावर बसणार. ताई आलाप अगदी हळू घेते, तेव्हा पंख्याची घरघर तिच्या मागे जाऊन बसेल आणि मग ती कुणाच्या बापाला काढता येणार नाही. खोक्यासारखाही नको. लाइट गेली की तो मेला, आणि त्या हॉलची लाइट मला चांगली ठाऊक आहे. पातळच घे. मात्र पैसे देण्याआधी तो दुकानाबाहेर उन्हात ने आणि पडद्यावरचे वेळेचे आकडे लांबून दिसतात का बघ.

आकड्यांचं का म्हणतो तेही सांगतो, कारण ताईने तुला सांगितलं नसणार. २००३ साली ताईच्या गाण्याला तुझे आजोबा, आमचे दादा, पेटीवर बसले होते. सुरांच्या जुळवाजुळवीत टेप वाया जायला नको म्हणून मी पॉज दाबून ठेवला. मग गाणं सुरू झालं. लाल दिवा चालू, हेडफोनमध्ये आवाज स्वच्छ. मी डोळे मिटून ऐकत बसलो. पॉजवर असलं तरी हेडफोनमध्ये आवाज येतोच. दीड तास टेपचं चाक फिरलंच नाही. महिन्याभरात दादा गेले. ताईने सगळ्यांदेखत विचारलं, बहिरा आहेस का. तेव्हापासून आमचं बोलणं नाही. आता दोन वर्षं झाली, कान पुरते गेले. तुझ्या आईचा शब्द कधी वाया जात नाही बघ.

म्हणून सांगतो, कानावर विसंबू नको. आकडे पुढे सरकतायत का ते डोळ्यांनी बघत राहा. जुळवणी सुरू व्हायच्या आधी चालू कर आणि लोक उठून जाईपर्यंत बंद करू नको.

मला बोलावू नकोस. ताईला गाताना माझं तोंड दिसायला नको.
तुझ्यावर जीव असलेला,
नाथामामा

नाशिक, ९ एप्रिल

ती. मामांस, शि. सा. न.

पातळ कॉम्प्युटर घेतला. दुकानदाराला वाटलं मी चोरतेय, इतक्या झटकन उन्हात घेऊन गेले. आकडे दिसतात.

पण काल त्याच हॉलमध्ये चाचणी घेतली. वर पत्रे, संध्याकाळी पाचलासुद्धा आत भट्टी. चाळीस मिनिटं सगळं छान चाललं, मग आवाजात टक-टक यायला लागलं. मध्येच अर्धा अर्धा शब्द गायब. मशीनला हात लावला तर चटका बसला. रविराजने तोंडावर सांगितलं, की तापल्यावर बिनपंख्याचं मशीन हळू चालतं, मी आधीच बोललो होतो. दुकानदार अकरा तारखेपर्यंत बदलून देईल. म्हणजे पंखेवाला आणायचा आणि घरघर सोसायची, नाहीतर हाच ठेवून शब्द गमवायचे. आई आतल्या खोलीत हलक्या आवाजात रियाझ करतेय आणि मी बाहेर बसून रडतेय. एकदाच गाणार आहे हो ती.

उत्तराला उशीर करू नका.
तुमची घाबरलेली तेजू

हरसूल, १० एप्रिल

चि. तेजस्विनीस, आशीर्वाद.

मंगळू हॉर्न वाजवतोय असं शेजारी सांगतात, म्हणून थोडक्यात. मशीन बदलू नको. इंटरनेट बंद कर, बाकीचं सगळं बंद कर. ताईची पितळी परात घे, पालथी घाल, खाली ओला टॉवेल ठेव आणि परातीच्या पाठीवर मशीन टेकव. पितळ ताप ओढून घेतं. लग्नसराईत माझा अँप्लिफायर असाच चालायचा, आणि पिठाची परात पळवली म्हणून ताई शिव्या द्यायची. मशीन ओलं होऊ देऊ नको.

उद्या हॉलमध्येच दोन तास चालवून बघ. जमलं नाही तर मग खुशाल पंखेवाला आण, मी रागावणार नाही.
काळजीत असलेला,
मामा

नाशिक, १४ एप्रिल

ती. मामांस, शि. सा. न.

अकरा तारखेला दोन तास चालवून बघितलं, एकदाही टक झालं नाही. म्हणून परातच ठेवली. आईला न विचारता स्वयंपाकघरातून उचलली.

काल आई स्टेजवर आली, बसली आणि तिची नजर माझ्या मशीनखाली गेली. ती कितीतरी वेळ परातीकडे बघत राहिली. मला वाटलं, आता उठून जाते. मी मान खाली घालून आकडेच बघत होते. मग तिने तंबोरा जवळ घेतला.

चौथं गाणं सुरू असताना लाइट गेली. स्पीकर बंद, छताचे पंखे बंद, लोकांत कुजबुज. आई थांबली नाही. तिचा उघडा आवाज हॉलभर आला आणि लोक आपोआप गप्प झाले. मी एक हात परातीला लावून बसले होते. परात गरम होत गेली, पण आकडे पुढे सरकत होते. पाऊण तासाने लाइट आली. शेवटचा माणूस चपला घालून गेल्यावरच बटण दाबलं. सगळं आलंय मामा, एकही शब्द गेला नाही.

घरी आल्यावर सुरुवात ऐकली. तंबोरा जुळवता जुळवता आई माइकजवळ वाकून हळूच बोलली आहे. तुमचा नियम पाळला नसता तर ते हवेत गेलं असतं. ती म्हणते, "नाथा, चाक फिरतंय का बघ."

फिरत होतं, मामा.
तुमची तेजू

नाशिक, २२ एप्रिल

चि. नाथास,
सिंधूताईचे आशीर्वाद.

ऑपरेशन झालं. गाठ साधी निघाली. आवाजाचं आत्ताच विचारायचं नाही म्हणतात. पंधरा दिवस एक शब्दही बोलायचा नाही, कुजबुजसुद्धा नाही. घरात पाटी-पेन्सिल घेऊन फिरते. तेजू मला काहीही बोलून घेते आणि मी लिहीपर्यंत पळून जाते.

तुझी सगळी पत्रं वाचली. तेजूने लपवली होती, पण पिठाच्या डब्यात कुणी लपवतं का? त्या दिवशी तुला बहिरा म्हणाले, तो शब्द मला बावीस वर्षं गिळता आला नाही. तुझे कान गेल्याचं कळलं तेव्हा मी देवापुढे बसून रडले, पण हरसूलची गाडी धरली नाही. चूक तुझी एक दिवसाची होती. माझी त्याहून पुष्कळ मोठी.

तेजूने पडद्यावर माझा आवाज दाखवला. गव्हाच्या ओंब्यांसारखी रांग दिसते. लाइट गेली तिथे ओंब्या बारीक होतात, पण तुटत नाहीत. तुला ऐकू येणार नाही, पण दिसेल. आणि स्पीकरवर तळहात ठेवला तर आवाज हाताला लागतो, मी कानात कापूस घालून बघितलंय.

मंगळूला सांगून ठेवलंय, रविवारी तो तुला घेऊन येईल. मला बोलायची बंदी आणि तुला ऐकू येत नाही, तेव्हा या खेपेला तरी भांडण होणार नाही. परात धुऊन ठेवली आहे, भाकरी मी थापीन.

येतोस ना? हो म्हणायला पत्र पाठवू नकोस, सरळ ये.
तुझी,
ताई