ताई, टाकीत पाणी निघालं!

शंकर नगर, रायपूर
गुरुवार

तीर्थस्वरूप विनोदिनीताईस,

धाकट्या गंगाधरचा वाकून नमस्कार. तुझे गुडघे, भाऊजींची साखर आणि सूनबाईचा राग, तिन्ही आटोक्यात असतील असं धरून चालतो. (फोनवरच विचारलं असतं, पण तुझा फोन कायम स्पीकरवर असतो आणि हे प्रकरण अख्ख्या अकोल्याने ऐकावं असं नाही.) इकडे सर्व ठीक, असं लिहायची पद्धत आहे म्हणून लिहितो. खरं सांगायचं तर रविवारपासून मी हादरलेलाच आहे.

रविवारी आपल्या क्षमाच्या साक्षगंधाची तारीख ठरायची होती. मुलगा पियुष आणि त्याचे आईवडील दुर्गहून रेल्वेने येणार, आणि मी त्यांना स्टेशनवरून आपल्या गाडीत बसवून आणणार, असा थाट होता. साडेनऊला किल्ली फिरवली. सेल्फ घुर्र घुर्र फिरला, पण इंजिन काही पकडेना. दहादा फिरवली, तेच. तुझी भावजय दारातून विचारते, "काहून हो, पेट्रोल तं आहे ना?" असा संताप आला म्हणून सांगू! शनिवारीच दहा लिटर भरलं होतं.

भनपुरीहून भैय्यालाल मिस्त्रीला बोलावलं. त्याने नुसती किल्ली लावली आणि मला म्हणाला, "साहब, पीछे की सीट पे कान लगाओ." मी नव्या सदऱ्यानिशी मागच्या सीटवर आडवा. (समोरच्या घरातली मंडळी गच्चीवरून बघत होती.) सीटखालून दोन सेकंद घूंऽऽ असा आवाज आला. "हव, पंप चल रहा है," म्हणाला. म्हणजे टाकीतून पेट्रोल ढकलणारा पंप शाबूत, फ्यूजही शाबूत. मग त्याने इंजिनाजवळची नळी सोडवून तिचं तोंड काचेच्या बाटलीत धरलं आणि मला किल्ली फिरवायला लावली. भरलेली बाटली पाच मिनिटं ओट्यावर ठेवली, आणि ताई, माझे डोळेच पांढरे झाले. वर पिवळसर पेट्रोल आणि तळाशी दोन बोटं नितळ पाणी!

पेट्रोलमध्ये पाणी? विकतच्या पेट्रोलमध्ये? माझं डोकंच फिरलं. पाहुण्यांना ऑटो करून यायला कळवलं (होणाऱ्या व्याह्यांना, ऑटोने!), बाटली उचलली आणि मिस्त्रीच्या स्कूटरवर मागे बसून थेट पेट्रोल पंप गाठला. तिथे मालक नवं जाकीट घालून, हातात मिठाईचा डबा घेऊन कुठेतरी निघाले होते. त्यांना अडवून, चार गिऱ्हाइकांसमोर बाटली नाचवत मी काय बोललो नाही? भेसळखोर म्हणालो, लुटारू म्हणालो, आणि वर हेही म्हणालो की असल्या खानदानात मुलगी देणाऱ्याची कीव येते. त्यांनी सगळं शांतपणे ऐकून घेतलं, मग माझं नाव विचारलं. मी तोऱ्यात सांगितलं. ते म्हणाले, "मी पियुषचा मामा. हा डबा घेऊन तुमच्याचकडे येऊन राहिलो होतो."

मी बाटली पाठीमागे लपवली.

मामा आले, बाकीचेही आले. पोहे खाल्ले, पण दुसऱ्यांदा कोणी घेतले नाहीत. तारखेचा विषय निघाला तसा "कळवतो" म्हणून उठले. आज पाचवा दिवस, काही कळवलेलं नाही. क्षमा मला एका शब्दाने बोलत नाही. बोलली असती तर बरं झालं असतं. पोरीचं ठरत आलेलं लग्न माझ्या तोंडामुळे मोडलं, हा विचार घास गिळू देत नाही.

खरा धक्का संध्याकाळी बसला. भैय्यालालने टाकीतून पंप बाहेर काढला, तर त्याच्या जाळीला तुळशीचं पान चिकटलेलं. पेट्रोलवाले तुळस घालत नाहीत, एवढं मलाही समजतं. ताई, दसऱ्याला प्रयागचं गंगाजल कोणी आणलं? गाडीची पूजा कोणी केली? "गाडीलाही तीर्थ पाजावं" असं कोण म्हणालं? अगं, असं कसं केलंस तू?

भाऊजींना नमस्कार, नातवंडांना आशीर्वाद.

तुझा,
गंगाधर

ता. क. तू फक्त बॉनेटवर दोन थेंब शिंपडलेस, हे मला माहीत आहे. शनिवारी पेट्रोल भरून आल्यावर शुभकार्य म्हणून तांब्याभर तीर्थ टाकीत मी ओतलं. पेट्रोलपुढे एवढंसं काय करणार, असं वाटलं. पण चौतीस वर्षं रेल्वेच्या डिझेल शेडमध्ये नोकरी केलेल्या माणसाने हे कोणत्या तोंडाने सांगावं? तेव्हा तू मामांना फोन कर आणि तूच ओतलं म्हण. वय झालेल्या माणसाला कोणी काही बोलत नाही, आणि तू अकोल्याला आहेस. क्षमासाठी एवढं कर.

ता. क. २ (हे मी, शांता, लिहिते आहे. पत्र पोस्टात टाकायला माझ्याचकडे दिलं.) ताई, तुम्ही फोन करू नका. शनिवारी हे तांब्या घेऊन गाडीमागे गेले तेव्हा मी खिडकीत होते. चाकावर पाणी घालत असतील असं वाटलं. तुळशीचं पान निघालं तशी समजले आणि सोमवारीच मामांना खरं सांगितलं. हसता हसता त्यांना ठसका लागला. साक्षगंध दिवाळीनंतरच्या पहिल्या रविवारी ठरलं आहे, क्षमालाही ठाऊक आहे. फक्त यांना सांगितलेलं नाही. आपल्या पायांनी जाऊन माफी मागतील तेव्हा सांगू. मामा त्यांच्या घरी रोज संध्याकाळी यांच्यासाठी एक कप चहा जास्त ठेवायला सांगतात.