भरावाखालचे गोड कांदे

॥ श्री ॥
मु. वाडी, पो. नांदूरघाट
माघ वद्य १०, शके १८९४

चि. सौ. केसर हीस रामकिसनदादाचे अनेक उत्तम आशीर्वाद. वि. वि.

येथील सर्व कुशल, असे लिहिण्याचा प्रघात आहे म्हणून लिहितो. विहिरींचे तळ उघडे पडले. गावाची भिस्त आता सोसायटीच्या तलावावर; आश्विनात एकदाच कोसळलेल्या पावसाने दोन पुरुष पाणी साठले, तेवढेच. त्यावर पहारा असून हंड्यांच्या पाळ्या लावल्या आहेत.

आसारामाबरोबर कांद्यांची पाटी धाडीत आहे. आईचे बीज मी राखले आहे. जोडकांदा वगळला, जाड मानेचा वगळला, फुलाचा डेंगळा फुटलेला वगळला. बारीक मानेचा, एकडोळी, थोरला तेवढाच बियाण्यास ठेवला. मी कांदा जिभेला लावीत नाही हे तू जाणतेसच, तेव्हा पारख डोळ्यांची आणि बोटांची. वाफ्याला माझ्या स्नानाच्या पाण्यावाचून थेंब मिळालेला नाही, तरी एकेक कांदा तळहातावर मावत नाही! नित्यपाठाचे फळ याहून निराळे काय असते? चव कशी ते मात्र कळव.

लोभ आटू देऊ नये, हे आशीर्वाद.

रामकिसन

॥ श्री ॥
अंबाजोगाई
फाल्गुन शु. ४

तीर्थरूप दादांचे चरणी केसरचा शिरसाष्टांग नमस्कार. वि. वि.

कांदे पोचले. नातवाने एक बुक्कीने फोडला आणि भाकरीवाचूनच खाल्ला. चिरताना माझ्या डोळ्यांतून टिपूस आले नाही. दादा, आईचा कांदा ओसरीवर चिरला तरी माजघरात नाक पुसावे लागे! तहानलेला कांदा तिखट होतो. असा गोड लागतो तो पोटभर पाणी प्यालेला. खरे सांगावे, पूजेच्या नावाखाली सोसायटीचे पाणी तर पळवीत नाही ना?

थट्टा सोडा. यजमानांचा सारा जन्म पाटबंधाऱ्यावर ओव्हरसियरकीत गेलेला, म्हणून इकडून विचारणे झाले की, वाफा तलावाच्या भरावापासून किती हातांवर आहे? तेथली माती पायाखाली कशी लागते? उत्तर लवकर यावे.

कृपालोभाची सावली असावी.

केसर

॥ श्री ॥
वाडी
फाल्गुन वद्य १

चि. सौ. केसर हीस अनेक आशीर्वाद. वि. वि.

थट्टा मनाला लागली, तरी तिचा उपयोग झाला. वाफा भरावाच्या पायथ्यालाच आहे. तुझे पत्र वाचून अनवाणी उभा राहिलो, तो टाच रुतली. हाताने माती सारली, तर तीर्थासारखे निर्मळ पाणी पाझरले! पळीभर प्राशन केले. गोड आहे.

यात एका निरपराध्याची सुटका आहे. तलावाचे पाणी नजरेसमोर उतरते आहे आणि चोरीचा आळ माझ्या परसाखालच्या बौद्धवस्तीतल्या जालिंदरवर आला आहे. पहारेकरी सटवा पारावर सांगत सुटला की, दुसरं कोन नेनार बे, त्याचंच घर लागून हाय. जालिंदर माझ्या अंगणात येऊन म्हणाला की, बप्पा, आमी पानी चोरून ठिवावं कुठं, रांजनं येऊन बघा म्हनावं, तळ दिसतोय. आन् चोरायचंच आसतं तर पोरं तहानंनं कावून रडली आसती?

रंगपंचमीस सभा आहे. चेअरमन सुंदरराव वस्तीची पाळीच बंद करणार. वस्तीत तान्ही लेकरे आहेत. त्या सकाळी सर्वांदेखत वाफा खणून हा झरा दाखवीन; पाणी चोराने नव्हे, भुईनेच नेले हे पटेल. कांदे गेले तरी चालतील.

लोभाचा ओलावा राहावा, हे आशीर्वाद.

रामकिसन

॥ श्री ॥
अंबाजोगाई
फाल्गुन वद्य ५

तीर्थरूप दादांस नमस्कार. वि. वि.

आपले पत्र आत्ता हाती आले. वाचताच इकडून हातातला चहा तसाच खाली ठेवणे झाले. दादा, कुदळ लावू नका. तो झरा नव्हे, भराव आतून गळतो आहे. निर्मळ झिरपते तोवर भराव शाबूत. गढूळ येऊ लागले की त्याच्या पोटातली माती वाहते आहे असे समजावे, आणि मग वेळ मिळत नाही. पायथ्याची माती जशी आहे तशी राहू द्यावी. आधी जालिंदरची वस्ती वरच्या माळावर, देवळात हलवावी, आपणही जावे.

तार केली आहे. पण तुमच्याकडे तारही टपालाच्या पिशवीतूनच पोचते. म्हणून आमचे जावई मिळेल त्या गाडीने निघाले आहेत. आज पंचमी आहे. आपण अजून खणले नसेल, असे धरून लिहीत आहे.

केसर

॥ श्री ॥
वाडी
फाल्गुन वद्य ५, सायंकाळ

चि. सौ. केसर हीस अनेक उत्तम आशीर्वाद. वि. वि.

कार्य सिद्धीस गेले! सर्वांसमक्ष वाफा कमरेइतका खणला आणि धार लागली. सुंदरराव खाली मान घालून परतले. सटव्याने जालिंदरचे हात धरून म्हटले की, चुकलं भावा, माजी जीभ लई वळवळली. वस्तीच्या बायांनी दिवसभर हंडे भरले, तरी धार कमी झाली नाही. उलट दुपारनंतर मनगटाएवढी झाली. तेव्हापासून तांबूस गढूळ येते आहे. सिंधुबाईने, म्हणजे जालिंदरच्या आईने, काळजीने विचारले. मी समजावले की धरणीमाता प्रथम आपली कूस धुते, सकाळपर्यंत निवळेल. दुष्काळात रंग कोण खेळणार? तरी आज सर्वांची वस्त्रे तांबडी झाली.

बियाण्याचे कांदे देवापुढे ठेवले आहेत. आज वस्तीची सारी मंडळी लेकराबाळांसह झऱ्याकाठीच निजणार आहेत. मीही घोंगडी तेथेच टाकली आहे. मातीला कान लावला, तर भरावाच्या पोटातून अखंड घोष ऐकू येतो, जणू आत कोणी पारायणास बसले आहे. ते समाप्त झाले म्हणजे सविस्तर लिहीन.

लोभ असाच वाहता राहो, हे आशीर्वाद.

रामकिसन