बदकवालीच्या गालावरचा केस

मंगळवार, दुपारचा चहा झाल्यावर

लाडके चिऊ,

तुझ्या दोन्ही गालांवरून हात फिरवून आशीर्वाद. माझा गुडघा बरा आहे, म्हणजे कुरकुरतो पण चालतो. खालच्या शिंपीणबाईंनी तुझं पत्र वाचून दाखवलं, मग मी परत एकटीनं अक्षर लावून लावून वाचलं. उत्तर मात्र मीच लिहितेय. शाळा तिसरीतच सुटली, तेव्हा काने-मात्रे तू घालून घे.

तुझ्या कपाटात आणखी एक चिनी मातीची पुतळी आली म्हणे! बदकवाली, लढाईच्या काळातली, तळाला निळा मासा. अगं, मासा म्हणजे आमचाच कारखाना! मी तिथं डोळे काढायचे. फक्त डोळे. ओठ दुसरी काढायची, झगा तिसरी. जखमी शिपायांच्या मदतीसाठी विकायच्या त्या पुतळ्या. रंग भाजून पक्का करायला भट्टीला कोळसा नव्हता, म्हणून नुसता रंग आणि वर वॉर्निश.

आणि तू लिहितेस, गालावर वॉर्निशमध्ये एक पिंगट कुरळा केस अडकलाय, दुरुस्तीवाला पुढच्या सोमवारी तो घासून काढणार, मग पुतळी अगदी निर्दोष होईल. चिऊ, त्याला सांग, हात लावलास तर आजीशी गाठ आहे!

ऐक. ब्रश यायचे बंद झाले तेव्हा आम्ही आपलेच केस कापून काडीला बांधायचो. साहेब ओरडला, "हा कारखाना आहे की न्हाव्याचं दुकान?" तर धाकटी फटकन म्हणाली, "न्हाव्याकडे आरसा तरी असतो, साहेब!" साहेबालासुद्धा हसू आवरेना. आम्हा सगळ्यांचे केस काळे, सरळ, राठ. तिचे एकटीचे पिंगट, कुरळे, मऊ. बारीक कामाला तिचीच वेणी. "जरा दे ना गं" म्हणत सगळ्या मागं. शेवटी वेणी उंदराच्या शेपटीएवढी राहिली.

शिंपीणबाई आत्ता डोकावून गेल्या, "एवढं काय लिहिताय?" म्हटलं, भाजीचे भाव.

धाकटी कोण, विचारशील. माझी बहीण. तुझ्या आईलाही माहीत नाही. एका सकाळी ती वॉर्निश आणायला स्टेशनजवळच्या गोदामात गेली आणि विमानं आली. गोदामच उरलं नाही, तर... जाऊ दे. माझ्या आईला सोसेना. तिनं फोटो जाळले, घरात कुणी नाव काढायचं नाही म्हणाली. मीही काढलं नाही. आई गेल्यावरसुद्धा जीभ वळेना.

तिचं काहीच उरलं नाही असं धरून चालले होते मी. आणि तुझ्या कपाटात केस! कालपासून घरभर हसत फिरतेय, वेडी म्हातारी.

लहानपणी वेणी घालताना तू रडायचीस, "आजी, माझेच केस असे कुरळे का?" मी म्हणायचे, देवाला विचार. देवाला कशाला, मला ठाऊक होतं की गं.

पुतळी घेऊन रविवारी ये. धुऊ नकोस, पुसू नकोस, आहे तशी आण. एकदा बोट लावू देशील ना?

तुझी आजी,
आणि धाकटीची ताई