बोर्डावरचं शेवटचं छिद्र

आई, दिवसभर फोन तुझ्याच कानाला असायचा आणि तुला फोन करायची मात्र सोय नव्हती, हे मला लहानपणी मुळीच पटत नसे. हिंगण्याच्या त्या कारखान्याला बाहेरून नंबर एकच. आत साहेबांच्या, स्टोअरच्या, गेटच्या टेबलांवर वेगवेगळे फोन. तू तिथली ऑपरेटर, तुझ्या बोर्डावर त्या प्रत्येकाचं एक छिद्र. दिवा लागला की तू विचारणार, "कोण पाहिजे?" आणि दोरीचं टोक त्याच्या छिद्रात खुपसणार. सगळ्यांना छिद्र होतं, तुलाच नव्हतं. मला भारी राग यायचा.

बाबा गेल्यापासून शाळा सुटली की घर खायला उठायचं. एका दुपारी कुलूप न उघडताच, दप्तरासकट कोपऱ्यावरच्या औषधाच्या दुकानात गेले आणि काकांना म्हटलं, आईच्या कारखान्यात फोन लावून द्या. तू तुझ्या त्या ऑफिसच्या आवाजात विचारलंस, "कोण पाहिजे?"

"तूच पाहिजे मले."

तू हळूच म्हणालीस, "काम करून राहिली ना मी. थांब, ठेवू नको वं." खट् झालं आणि कानात चक्क गाणं वाजायला लागलं. शेवटचं छिद्र कोणाच्याच टेबलाचं नव्हतं, हे तू रात्री जेवताना सांगितलंस. जेवणाच्या सुट्टीत तुला ऐकता यावा म्हणून वायरमनने तिथे कँटीनचा रेडिओ जोडून दिला होता. गाणं संपलं तशी तू स्वतः फोनवर आलीस आणि म्हणालीस, घरी जा, भात झाकून ठेवलाय. मग ते रोजचंच झालं. गाणं कसलंही असो, मी ते संपायची वाट पाहायची. संपलं की तू यायचीस.

पुढे मी कॉम्प्युटरचं काम धरलं. वर्गातली बाकीची मुलं पोर्ट म्हणजे काय ते घोकत बसली होती, मला तुझा बोर्ड दिसत होता. मशीनचा पत्ता एक, आत ढीगभर दारं, प्रत्येकाला आपला नंबर. त्या नंबरावर कोणी ऐकत बसलेलं असेल तरच बोलणं होतं. नसेल तर मशीन तोंडावर सांगतं, इथे कोणी नाही. मला रडू आलं. पोर्ट शिकताना रडणारी मी एकटीच असेन.

आता माझा मुलगा परदेशात आहे, त्याचा फोन रविवारी येतो. आज रविवार नव्हता. दुपारी एका मशीनच्या काळ्या पडद्यावर एक ओळ टाइप केली आणि तुझ्या काळचं एक गाणं एका रिकाम्या पोर्टवर सोडलं. दुसऱ्या मशीनवरून तोच नंबर गाठला, हेडफोन लावले. खरखरीसकट गाणं आलं, आणि संपलं.

तूच नाहीस, हे पत्र कुठे टाकणार मी? पण एक सांगते, हसू नकोस. गाणं संपल्यावर मी हेडफोन काढले नाहीत. बराच वेळ तशीच बसून राहिले. भात मीच झाकून ठेवला होता, तो निवून गेला.