एकलहऱ्याची बाटली

बाई, लिहितोय मी एकटाच, पण तुमच्याकडे भूगोल शिकून पुढे त्यावरच पोट भरलेले आम्ही सगळे समोर बसलोय असं धरा. दुखणं सगळ्यांचं एकच. भूगोलासारखे विषय विद्यापीठाच्या यादीत आहेत, वर्गात नाहीत. आता नव्या धोरणात मुलांनी काहीही एकत्र शिकावं म्हणतात, पदार्थविज्ञानाबरोबर संगीत, वनस्पतिशास्त्राबरोबर लोकसंस्कृती. मला हे मनापासून पटतं, जन्मभर सभांमधून मी दुसरं काय ओरडत आलो? पण आमच्या कॉलेजात संगीताच्या खोलीला कुलूप आहे, तबले माळ्यावर पडलेत, आणि मार्चअखेर मी निवृत्त झालो की भूगोलाला माणूस नाही.

तुमचं कपाट मात्र आहे. पहिल्या वर्षाच्या प्रत्येकाने आपल्या गावची माती बाटलीत भरून आणायची आणि वर गावाचं लेबल लावायचं, ही तुमची रीत मी मोडली नाही. घोटीच्या भातखाचराची माती आहे, डोंगरातली तांबडी आहे, आणि खालच्या फळीवर माझी एकलहऱ्याची, करडी. पहिल्या वर्षाला मी माती न्यायच्या आदल्या दिवशी वादविवादाची ढाल जिंकली होती आणि त्या नादात माती विसरलो होतो. सकाळी बस पकडताना आमच्या कॉलनीच्या फाटकाबाहेरची मूठभर उचलली आणि वर्गात तिच्यावर पाच मिनिटं बोललो. कसदार जमीन, राबणारे हात, सगळं आलं त्यात. तुम्ही बाटली खिडकीपाशी नेता, उजेडात फिरवता.

"भाषण चांगलं झालं. पण ही माती नाही रे, राख आहे. तुमच्या थर्मल वीजकेंद्राची."

मागून कोणीतरी म्हणालं, "बाई, ह्यानं लय हवा केली, तिच्यात उडून आली असंल."

सगळे हसले, तुम्हीसुद्धा. मी बाटली परत घ्यायला हात पुढे केला, तर तुम्ही दिली नाहीत. "लेबल लाव. तुझ्या पायाखाली हेच आहे, तर हेच ठेवायचं. पुढच्या वेळी आधी बघ, मग बोल."

काल हरसूलकडची एक मुलगी आली, विज्ञान शाखेची. एका हातात भूगोल आणि संगीत घेण्याचा अर्ज, दुसऱ्या हातात सरबताच्या बाटलीत भरलेली माती. "सर, माझी आत्या बाईंच्या वर्गात होती. ती बोलली, माती नेल्याशिवाय भूगोलाला घेत नाय." प्रवेशाच्या कागदपत्रांतच मातीही मोडते, अशी तिची समजूत. मी हसलो, तीही लाजून हसली. मग तिने विचारलं, "यादीत भूगोल हाय ना सर? गाणं पण हाय. मग ऑफिसात नाय का म्हणतात?" बघतो म्हणालो. अर्ज घडी घालून खिशात ठेवला.

त्याच दुपारी प्राचार्यांच्या खोलीत बैठक झाली. समोर आलेल्या कागदावर लिहिलं होतं, विद्यार्थ्यांना रस नसल्याने भूगोल आणि संगीत बंद करण्यास विभागांची हरकत नाही. प्राचार्य वाईट माणूस नाहीत. म्हणाले, "सर, तुम्ही तरी आता कशाला दगदग करता? गोडीनं जाऊ या." चौकाचौकांत भोंग्याशिवाय पोचणारा माझा आवाज तिथे वर आला नाही. मी फार दमलोय बाई. हे कारण होत नाही, पण खरं आहे.

बायकोला आणि स्टाफरूममध्ये मी सांगितलं की कडाडून विरोध केला. मी सही केली. तुम्ही म्हणाल, न बघता केली असशील. बघून केली. त्या मुलीचा अर्ज तेव्हा खिशात होता, हाताला लागत होता.

कागद उद्या दुपारी विद्यापीठात जाईल. तुम्ही आता नाही, म्हणून हे पत्र कुठे जायचं नाही, कपाटात करड्या बाटलीखाली राहील. तुम्ही फक्त वर्गातल्या त्या आवाजात एकदा सांगा मला: "सकाळी ऑफिस उघडताच जा, तो अर्ज प्राचार्यांच्या टेबलावर ठेव आणि सही मागे घे."