चार हजार वर्षांचं खरकटं

तीर्थरूप आत्या,

पोचलीस का सुखरूप? गुडघे काय म्हणतात? इथे आम्ही सगळे बरे आहोत. फक्त मिठाची बरणी तू कुठे ठेवून गेलीस ते अजून सापडलेलं नाही, त्यामुळे जेवण जरा अळणीच चाललंय.

माझं संग्रहालयातलं काम तुला ठाऊकच आहे, जमिनीतून निघालेली खापरं धुऊन, वाळवून, नंबर घालून ठेवायची. अठरा वर्षांत माझ्या हातून मातीचा कण सुटलेला नाही. आणि गेल्या मंगळवारी बाईंनी (आमच्या संशोधक बाई, वय माझ्या मुलीएवढं, नजर सासूची) मडक्याचं एक बूड समोर ठेवून बजावलं, याला पाणी लावायचं नाही. आत करपून काळा थर धरलेला. आता तूच सांग, असं भांडं समोर ठेवून आपल्या घरातलं कोणी स्वस्थ बसेल का? तासभर दम धरला. मग हात शिवशिवायला लागले. हातमोजा काढला आणि नखाने जरासं खरवडून पाहिलं, आणि नेमक्या तेव्हाच बाई आत आल्या.

त्या काय काय बोलल्या ते पत्रात लिहिण्यासारखं नाही. पण खरवड कागदावर पडली होती, ती त्यांनी वाया न घालवता सूक्ष्मदर्शकाखाली घातली. दोन दिवसांनी मला बोलावून म्हणाल्या, बघा, हे कण हळदीचे. शेजारचे आल्याचे. मी स्टुलावर बसलोच. आत्या, चार हजार वर्षं गं! करी वगैरे नावं मागाहून चिकटली, ही तर त्या सगळ्यांची खापरपणजी. कोणा एकीने हळद कुटली, आलं ठेचलं, चुलीवर रटरटत ठेवलं आणि कशात तरी लक्ष गेलं नि करपवलं. त्या वेळच्या राजाचं नाव कोणाला माहीत नाही, पण हिचं खरकटं शिल्लक आहे. मला रडूच आलं. आणि लाजही वाटली. अशा किती जणींचा स्वयंपाक मी अठरा वर्षं मोरीत सोडून दिला असेल!

बाई येत्या सोमवारी भरसभेत हे जाहीर करणार आहेत. सात वर्षांची मेहनत आहे त्यांची. माझंही नाव घेणार म्हणतात.

तुझा भाचा

ता. क. त्या मंगळवारी तू दिलेला डबा मी खापराला हात लावायच्या आधीच खाल्ला होता. नळाला पाणी नव्हतं, बोटं फडक्याला पुसली, नखात काय राहिलं असेल देव जाणे. बाईंना हे सांगायला रोज तोंड उघडतो आणि त्यांचा चेहरा बघून मिटतो. रस्सा लालभडक होता, हळद होती की नाही ते कळलं नाही. आलं मात्र नव्हतं, तेवढी खात्री आहे.

आणखी एक. चव जरा चुकल्यासारखी वाटली होती, पण तुझ्यासमोर बोलायची छाती कोणाची? तू स्वयंपाकात कधी काही विसरत नाहीस, हे सगळ्या खानदानाला मान्य आहे. तरी या एकाच वेळी विसरली असलीस तर शनिवारच्या आत कळव. माझ्यासाठी खोटं मात्र लिहू नकोस. हळद घातली असलीस, तर रविवारी बाईंच्या घरी जाऊन कबूल करून येईन. विसरली असलीस, तर चार हजार वर्षांपूर्वीच्या त्या बाईच्या वतीने येऊन तुझे पाय धरीन.