बडबड्याची साक्ष

प्रिय भिडू,

फोन उचलत नाहीस, दार उघडत नाहीस, म्हणून कागदावर लिहितेय. काकूंना सांगेन, लेकाच्या जेवणाच्या ताटाबरोबर आत सरकवा. काल आले होते तेव्हा त्या स्वयंपाकघरात हळूच म्हणाल्या, "धड दोन घास पोटात जात नाहीत त्याच्या. चूक त्याची की त्या मेल्या कंपायलरची, तू तरी सांग गं. आणि कंपायलर म्हणजे काय, ते आधी सांग." मी म्हटलं, काकू, आपण प्रोग्राम लिहितो ती एक भाषा, यंत्राला कळते ती वेगळी. मधला दुभाषा म्हणजे कंपायलर. त्यांचा चेहरा एवढा उजळला! "मग दुभाष्यानंच उलटसुलट सांगितलं असणार," म्हणाल्या. मी पाणी प्यायले आणि विषय बदलला.

कारखान्यातली पत्रा दाबायची प्रेस चालवणारा तुझा प्रोग्राम आणि कंपनीनं आणलेला नवा कंपायलर, दोन्ही मला मिळाले. 'बडबड्याला सोड त्याच्यावर' एवढाच तुझा निरोप. तुझं म्हणणं कुणालाही पटेल असंच आहे. जुन्या कंपायलरवर हाच प्रोग्राम वर्षानुवर्षं सुरळीत चालला. नवा आला आणि आठवड्याच्या आत, कामगाराचा हात आत असताना प्रेसचा दट्ट्या खाली आला. मग दोष कुणाचा? अपघाताच्या चौकशी समितीनं तपासायला मला बोलावलं, तेव्हा तुला वाटलं असेल, सुटलो.

कॉलेजचं आपलं प्रोजेक्ट किती आठवलं या दिवसांत! तळमजल्यावरची ती लॅब, जन्मात न उघडलेली खिडकी. बाकीची पोरं ग्रंथालयाचे सोपे प्रोग्राम करून मोकळी झाली आणि आपण बडबड्या नावाचा आपला प्रोग्राम पोसत बसलो. तो वाट्टेल ते, आगापिछा नसलेले प्रोग्राम स्वतःच लिहायचा. एकच प्रोग्राम दोन कंपायलरना द्यायचा, उत्तरं जुळली नाहीत की दोघांपैकी एक चोर. पहिल्यांदा जुळली नाहीत तेव्हा तू टेबलावर चढून नाचलास, अख्ख्या लॅबला चहा पाजलास. मॅडमनी चहा शांतपणे संपवला, पडद्याकडे पाहिलं आणि म्हणाल्या, "आधी आपलं अंगण झाडा, मग शेजाऱ्याचं." बडबड्यानं एका व्हेरिएबलच्या डब्यात काही ठेवलंच नव्हतं आणि तेच वाचायला घेतलं होतं. रिकाम्या डब्यात हात घातल्यावर काय लागेल, याची हमी भाषा देत नाही. एका कंपायलरला शून्य लागलं, दुसऱ्याला आधीचा कचरा. दोघंही बरोबर होते, चुकला होता बडबड्या. मग तूच त्याला नियम घालून दिलास: आधी ठेव, मग वाच. पुढे कितीतरी दिवस मी तुला 'रिकामा डबा' म्हणून हाक मारायचे आणि तू चिडायचास.

तर बडबड्याला सोडलं. दिवसरात्र बडबडला बिचारा, आणि खरंच त्याला नव्या कंपायलरमध्ये चूक सापडली. वजा आकड्यांचा भागाकार एका विशिष्ट जागी आला की उत्तर चुकतं. मी खुर्चीतून उठले रे. तुझ्यासारखी नाचणारच होते. मग मॅडमचा झाडू आठवला आणि तुझा प्रोग्राम उघडला. त्यात भागाकार नाही. एकही नाही. डोळे फुटेस्तोवर शोधला.

मग आपली जुनी रीत. एकेक ओळ काढून टाकायची आणि घोटाळा अजून होतो का ते बघायचं. कांदा सोलावा तसा तुझा प्रोग्राम सोलला. शेवटी मूठभर ओळी उरल्या. हात आत आहे की नाही, हे लक्षात ठेवणारं तुझं ते व्हेरिएबल. वीज जाऊन परत आली की तू ते आधी वाचतोस आणि त्यात किंमत नंतर ठेवतोस. जुन्या कंपायलरच्या वेळी तिथे नशिबानं 'थांब' निघायचं. नव्याच्या वेळी जे पडलेलं असेल ते निघालं. त्या दिवशी वीज गेली होती, हे तुलाही माहीत आहे. ज्यानं बडबड्याला नियम घालून दिला, त्याच्याच हातून हे व्हावं! मला तुझा भयंकर राग आला आणि मग रडू आलं.

खोटं कशाला बोलू, मोहही झाला. समितीपुढे तो भागाकार ठेवला असता तर कुणी खोलात गेलं नसतं. कंपायलरमध्ये चूक आहेच, म्हणजे मी खोटं बोलले असंही झालं नसतं. तू सुटला असतास, काकूंचा जीव भांड्यात पडला असता.

पण आज मी त्या कामगाराला भेटायला गेले होते. उजवा हात मनगटापासून नाही. त्यानं डाव्या हातानं मला खुर्ची ओढून दिली. तुझ्याबद्दल वाईट शब्द काढला नाही. एवढंच म्हणाला, "समितीचं झालं की प्रेस पुन्हा सुरू करणार म्हणतात. माझा धाकटा भाऊ शेजारच्याच प्रेसवर असतो. ताई, तुम्ही शिकलेल्या. पाठवू ना त्याला कामावर?" उद्या सांगते म्हणून मी निघाले. भागाकारावर खापर फोडलं तर ते भागाकार दुरुस्त करतील आणि सगळ्या प्रेस सुरू करतील, तुझ्या रिकाम्या डब्यासकट. उद्या समितीपुढे मी हे सांगणार आहे, तुझी नोकरी जाईल, कदाचित त्याहून वाईट होईल, तरी सांगणार आहे. पण माझ्याआधी तू सांगितलंस तर ती साक्ष तुझी असेल. म्हणून हे लिहिलं. सकाळी तुझ्या दाराशी येईन. उघड. आधी त्या माणसाकडे जाऊ. भावाला पाठवू नकोस, हे त्याला तू सांग.

तुझीच,
अजूनही भिडू